बोटभर कमी

त्या मुलुखात रस्त्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. गव्यापासून उंदरापर्यंत जो तो आधी पुढचा एक पाय टेकवी, दाबून पाही आणि मगच उरलेले पाय उचली. त्यामुळे तिथे वेळेवर कुणी कुठे पोहोचत नसे. वऱ्हाडंसुद्धा अशीच चाचपडत निघायची आणि नवरीकडची मंडळी वाट बघून बघून पेंगायला लागायची. पाहुणा दारात आला की त्याला आधी पाणी मिळत नसे. आधी विचारत, "कुठल्या रस्त्यानं आलात?" आणि तो जे सांगेल ते खरं मानायची पद्धत नव्हती.

याला कारण घडलं होतं. एका घुशीने मागे दलदलीवरून रस्ता बांधायचा ठेका घेतला. वरून रस्ता असा गुळगुळीत झाला, की बघत राहावं. आत तिने नुसतं गवत कोंबलं होतं. गुरांचा कळप मध्यावर असताना रस्ता बसला आणि निम्मा कळप चिखलात गेला. घूस मुलूख सोडून पळाली, ती पुन्हा दिसली नाही. मात्र तेव्हापासून 'ठेकेदार' म्हटलं की बायाबापड्या पोरांना जवळ ओढू लागल्या.

दलदल होती तिथेच राहिली. तिच्या अलीकडे माळ, पलीकडे कुरण. उन्हाळ्यात माळावरचं गवत करपून जायचं आणि पलीकडची हिरवळ लांबून दिसायची, एवढंच. शेवटी सगळ्या जनावरांची बैठक भरली आणि रस्ता पुन्हा बांधायचं ठरलं. ठेका कोण घेणार, असं विचारल्यावर मात्र सगळे आपापल्या खुरांकडे बघू लागले.

तेव्हा दौलतबा उठला. दौलतबा म्हणजे साळिंदर. बापजाद्यांपासून त्याच्या घरात रस्त्यांचं काम. दुसऱ्या मुलुखात त्याने केलेले रस्ते अजून शाबूत होते, पण दुसऱ्या मुलुखातलं कोण बघायला जातो? बैठकीत कुजबुज सुरू झाली. "हा तरी कशावरून?" मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं. दौलतबाच्या पाठीवरचे काटे ताठ झाले, पण तो बसला नाही.

त्या मुलुखाचा एक रिवाज होता. रस्ता झाला की त्याच्या तोंडाशी, डांबर ओलं असताना, ठेकेदाराने आपल्या पंजाचा ठसा उमटवायचा. मग पुढचा अख्खा पावसाळा रस्त्याच्या हमीचा. पावसाळा सरला की ठेकेदाराने आपलं सगळं घरदार घेऊन कळपाच्या पुढे चालायचं आणि रस्ता ओलांडून दाखवायचा. ओलांडला, तर ठसा कायमचा आणि मुलुखातली सगळी कामं त्याची. रस्ता खचला, तर ठसा खरवडून टाकायचा आणि त्या घराण्याने पुन्हा कधी खडीला हात लावायचा नाही. दौलतबाने हे सगळं भर बैठकीत कबूल केलं. घरी बायकोला, सगुणेला, सांगितलं तेव्हा ती पिलांना निजवत होती. ती म्हणाली, "अहो, आपल्याला दुसरं काय येतं? ठसा पुसला तर खाणार काय?"

"पुसायची वेळच येऊ देत नाही," दौलतबा म्हणाला. "माझ्याकडं कुणी बोट दाखवलं तर नाव बदलीन."

काम सुरू झालं. गाढवं दगड आणि खडी वाहून आणत. नारबा अस्वल झाडांची राळ उकळून डांबर करी. आणि भागाक्का म्हैस रस्ता तुडवी. दौलतबाच्या कामावर ती त्याच्या बापाच्या काळापासून होती. खाली दगड बसवायचे, वर खडी पसरायची, त्यावर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि मग भागाक्काने त्यावरून जायचं. ती घाई करत नसे. एक पाय टाकी, सगळं अंग त्यावर सोडी, मग दुसरा. अशी पुढे जाई, परत येई, पुन्हा जाई. ती गेली की मागे रस्ता दगडासारखा होई. बोलणं कमी, रवंथ जास्त. दलदलीवर पट्ट्यापट्ट्याने रस्ता सरकत गेला, पलीकडचा काठ जवळ आला, आणि सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

कामावर देखरेख करायला बैठकीने बगळ्याला नेमलं होतं. पांढराशुभ्र, एका पायावर उभा, डोळे अर्धे मिटलेले. तो दिवसभर काही बोलत नसे, आणि म्हणूनच दौलतबाला त्याची भीती वाटे. एक दिवस तो बोलला.

"तुडवून झाल्यावर कधी मोजलंत का हो?"

"काय मोजायचं?"

"जाडी. नाही, मी आपलं विचारलं." आणि त्याने डोळे मिटून घेतले.

आता, तुडवला की थर बसतो, हे त्या मुलुखातलं शेंबडं पोरही सांगेल. बैठकीशी बोली झाली होती ती पसरलेल्या थराची, वीतभर जाडीची. दौलतबाने जन्मभर हेच केलं होतं. पण जन्मभरात त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. तो रात्रभर कूस बदलत राहिला आणि उजाडताच रस्त्यावर गेला. पाठीवरचा एक लांब काटा उपटला, त्यावर वीतभर उंचीवर गेरूची खूण केली, आणि काटा रस्त्यात खालच्या दगडापर्यंत ठोकला. खूण वर राहिली. थर बोटभर कमी भरला.

'बसतो, कबूल,' दौलतबा मनाशी म्हणाला. 'पण बोटभर?'

त्याने दुसरीकडे काटा ठोकला. तिथेही बोटभर. तिसरीकडे दीड बोट. ही तिसरी जागा म्हणजे दलदलीतली सगळ्यात ओली जागा. भागाक्का तिथे जास्त वेळ घुटमळली होती, पुन्हा पुन्हा येऊन जाऊन तिने तो पट्टा तुडवला होता. दौलतबाला चांगलं आठवत होतं. त्या वेळी त्याला कौतुक वाटलं होतं. आता त्याच्या अंगावर काटा आला, म्हणजे होते तेही उभे राहिले. ही बाई जिथे जास्त वेळ असते, तिथलाच माल जास्त गायब होतो!

त्या दिवसापासून त्याचं जेवणात लक्ष लागेना. तो गाढवांच्या मागून चालू लागला. खाणीपाशी गोणी हुंगायचा, दलदलीपाशी पुन्हा हुंगायचा. गाढवं एकमेकांकडे बघत आणि कान पाडत, आणि कान पाडले म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं त्याला वाटे. नारबाच्या अंगावरचे केस काळेभोर चमकत. ते अस्वल होतं म्हणून चमकत होते, पण दौलतबाने त्याला बाजूला घेतलं.

"डांबर अंगाला चोपडून घरी नेतोस का रे?"

नारबा आधी हसला. मग दौलतबा हसत नाही हे पाहून त्याचं हसू मावळलं. "मालक, मी अस्वल आहे," तो म्हणाला. "पातळ वाटत असेल तर चाखून बघा."

दौलतबाने खरंच चाखलं. जीभ टाळूला अशी चिकटली, की त्याला दिवसभर बोलता आलं नाही. कामावर इतकी शांतता बऱ्याच दिवसांत नव्हती. पण त्या शांततेचाही त्याला संशय आला. आपण गप्प आहोत तर हे सगळे एवढे खुशीत का?

राहिली भागाक्का. तिच्याबद्दल त्याला कसं विचारावं ते कळत नव्हतं. लहानपणी तो तिच्या पाठीवर बसून कामावर यायचा. तो लांबून तिच्याकडे बघत राहायचा, आणि बघता बघता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. तिचं तोंड सारखं हलत असतं. मुरूम तुडवताना हलतं, उभी असताना हलतं, पाठ फिरवली की मागून कान हलताना दिसतात, म्हणजे तोंड चालूच असतं. काय चघळत असेल ही?

एक दिवस सगळ्यांसमोर त्याने विचारलंच. "भागाक्का, सारखं काय चघळताय?"

"रवंथ करतेय."

"तोंड उघडा."

नारबाच्या हातातला डांबराचा पळा थांबला. गाढवं जागच्या जागी उभी राहिली. भागाक्काने दौलतबाकडे पाहिलं. तिला वाटलं थट्टा आहे, मग वाटलं पोराला ताप आला आहे, मग तिला कळलं. तिने तोंड उघडलं. आत हिरवा, अर्धवट चावलेला चारा होता. दौलतबा जवळ गेला, वाकला आणि त्याने तो पंजाने चाळून पाहिला. खडी नव्हती.

"पोटाच्या खालच्या कप्प्यात असेल," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच हे बोलणं ऐकून लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो अजून चिडला. "मग थर बोटभर कमी कसा भरतो? सांगा ना! हवेत जातो का?"

"दौलतबा," भागाक्का म्हणाली, "पसरल्यावर मोज, नाहीतर तुडवल्यावर मोज. दोन्ही मापं एक यायची नाहीत. तुझा बाप असता तर..." पुढचं तिने गिळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिने लपवलं नाही. "मी जाते. पावसाळ्यानंतर चालशील तेव्हा बघायला येईन."

ती गेली. कुणी तिला अडवलं नाही. दौलतबाला आतून वाटत होतं की हाक मारावी, पण हाक मारली तर आपलीच चूक होती असं होईल, आणि समोर बगळा एका पायावर उभा होता.

तुडवायला आता हरणं ठेवली. हरणं दिसायला देखणी, वागायला अदबशीर. मालक समोर आला की माना झुकवत. त्यांनी पहिला पट्टा तुडवला आणि दौलतबाने काटा ठोकला. काटा लोण्यात गेल्यासारखा आत गेला आणि गेरूची खूण थराच्या बरोबर कडेला टेकली. दौलतबाला गहिवरून आलं. त्याने बगळ्याला पंखाला धरून आणलं.

"पूर्ण," बगळा म्हणाला.

हरणं काही मूर्ख नव्हती. खूण टेकली की मालक खूश होतो, एवढं त्यांना लगेच उमगलं. मग ती अजून हलकी चालू लागली. काही काही तर खुरांच्या टोकावरून अशी जात, की मुरमाचा दाणाही हलू नये. माप भरत राहिलं. 'इतके दिवस आपण लुटले जात होतो,' दौलतबा सगुणेला म्हणाला. तिने विचारलं, "भागाक्कानं खडी खाल्ली असेल असं तुम्हाला खरंच वाटतं?" आता बायकोसुद्धा तिची बाजू का घेतेय, हे त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

पुढचं साहजिक होतं. भागाक्काने तुडवलेला सगळा रस्ता चोरीचा ठरला. दौलतबाने तो दोन्ही काठांकडून खणून काढायला लावला. गाढवांचे खूर झिजले, नारबाचे पंजे सोलून निघाले, इतका तो घट्ट होता. 'चोरी लपवायला किती कष्ट घेतलेत बघा,' दौलतबा म्हणत राहिला. खणलेल्या जागी माल पुन्हा पसरायचा, हरणांनी त्यावरून जायचं, आणि मग काटा. तपासून झाल्यावर काटा उपटणं त्याने बंद केलं. रात्री येऊन कुणी थर खरवडून नेला तर? काटा जागेवर असला म्हणजे खूण साक्षीला राहते. असा दर चार पावलांवर एक काटा उभा राहिला.

"अहो, तुमची पाठ दिसायला लागली," सगुणा एकदा म्हणाली.

"काटे परत येतात."

"इतक्या लवकर येत नाहीत. एखादा लांडगा आला म्हणजे?"

"लांडगे बाहेरचे," दौलतबा म्हणाला. "त्यांचं काय घेऊन बसलीस."

मध्यावरचा एक तुकडा तेवढा खणायचा राहिला. तीच ती सगळ्यात ओली जागा, दीड बोटाची. तिथवर दोन्ही बाजूंनी काम आलं आणि पाऊस सुरू झाला. दौलतबाने तोंडाशी ठसा उमटवला आणि हात जोडले, पण त्या तुकड्याचा विचार त्याच्या मनातून जाईना. पावसाळाभर तो खोपटातून बाहेर डोकावून त्याच दिशेला बघायचा. बाकीच्या रस्त्याची त्याला काळजी नव्हती. तो मोजलेला होता.

पावसाळा सरला. चालायचा दिवस आला. माळावर सगळा मुलूख गोळा झाला होता. कळपातल्या गाई, गवे, शेळ्या मागे उभ्या होत्या, आणि गर्दीच्या कडेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, भागाक्का. दौलतबाने तिला पाहिलं आणि मान वळवली. पुढे तो, मागे सगुणा, तिच्यामागे दोन पिलं. त्याच्या पाठीवर आता एकच काटा उरला होता, आणि एक कोकरू आईला विचारत होतं, "तो बोडका कोण गं?"

सुरुवातीला सगळं ठीक होतं. बगळा वरून उडत एकेक काटा बघत होता आणि मोठ्याने सांगत होता, "पूर्ण... पूर्ण..." दौलतबाची मान वर झाली. मागून गवे रस्त्यावर चढले, जुन्या सवयीप्रमाणे एक पाय टेकवत, दाबून बघत. त्या सवयीनेच ते वाचले. पहिल्या गव्याने पाय दाबला आणि रस्ता खरवसासारखा डुलला. तो ओरडून मागे वळला आणि सगळा कळप एकमेकांना तुडवत काठावर परतला.

"पळा!" सगुणा किंचाळली. मागचा रस्ता बसत येत होता. वर डांबराचा पापुद्रा फाटत होता आणि आतली खडी, सुटी, पसरली होती तशीच सुटी, चिखलात विरघळत होती. दौलतबाने एक पिलू तोंडात धरलं, सगुणेने दुसरं, आणि ती धावत सुटली. पुढचा पट्टाही हलायला लागला होता. पायांखाली काहीतरी घट्ट लागलं तेव्हा ती थांबली. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. दोन्ही काठांपर्यंत नुसता चिखल होता. मध्ये तेवढा एक तुकडा तरला होता, दीड बोटाचा, आणि तो तसूभरही हलत नव्हता.

काठावर आरडाओरडा चालू होता. कुणी ठसा खरवडायला सुरुवातही केली होती. तेवढ्यात भागाक्का दलदलीत उतरली. म्हशीला चिखलाचं काय? मानेपर्यंत बुडून, नाक वर धरून ती सरळ त्या तुकड्यापाशी आली आणि पाठ कडेला लावत म्हणाली, "सगुणे, पोरं दे इकडं."

सगुणेने पिलं तिच्या पाठीवर ठेवली आणि स्वतःही चढली. तिने नवऱ्याकडे हात केला. दौलतबा हलला नाही. भागाक्काने त्या तिघांना काठावर पोहोचवलं आणि ती पुन्हा वळली. सगुणा काठावरून ओरडत होती, "अहो, या ना! काय बघत बसलात?"

"चल दौलतबा," भागाक्का म्हणाली. तिला धाप लागली होती. "झालं ते झालं. बस पाठीवर."

दौलतबा पायांखालच्या जमिनीकडे बघत होता. "सगळं बुडालं, मग हेच कसं राहिलं?"

"तुडवलंय म्हणून."

"खाली काय घातलंत?"

"जे सगळीकडं घातलं तेच रे. बस लवकर, मलाही किती वेळ दम धरवेल?"

"तेच घातलं असतं, तर हेही बुडालं असतं," दौलतबा हळूच म्हणाला. सगळा हिशेब आता त्याला लख्ख दिसत होता. सगळ्या रस्त्याचा चांगला माल हिने इथे आणून पुरला आहे. म्हणूनच ही बघायला आली. म्हणूनच मला इथून उतरवायची घाई करते आहे. त्याने पाठीवर हात नेला आणि शेवटचा काटा उपटला.

"दौलतबा, नको," भागाक्का म्हणाली. तिने त्याच्याकडे पाठ केली, तो बसेल म्हणून, आणि तशीच उभी राहिली.

काटा आत जाईना. दौलतबाने त्यावर सगळं अंग टाकलं, दात ओठ खाल्ले, पुन्हा टाकलं. त्याची उघडी पाठ उन्हात थरथरत होती. शेवटी कुठेतरी खडीची फट सापडली, काटा करकरत खाली गेला आणि खालच्या दगडांमधून आरपार झाला. त्याच्या भोवतीने पाण्याचा एक बारीक गढूळ झरा वर आला.

दौलतबाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान पसरलं. त्याने काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "बघा! बघा, मी म्हणत नव्हतो?" आणि पाणी त्याच्या पावलांवर चढू लागलं.